साखर, ब्लँकेट आणि फाइल क्रमांक सात

मागच्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर अर्णवने विचारलं, “आजी, वॉट वॉज युअर जॉब, अ‍ॅक्चुअली?”

मी म्हटलं, “फाइली सांभाळणं.”

“दॅट्स इट?” इरा म्हणाली. तुमच्या आईने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण प्रश्न अगदी रास्त होता. त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या अनुभवांवर लेख मागितला. मी दोन्ही कामं एकदमच उरकते आहे. अंक टोरंटोला पोचला की आई तुम्हाला हे वाचून दाखवेल. ती भराभर वाचायला लागली तर तिला थांबवा.

मी सत्तावीस वर्षं कुवेतमधल्या एका सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात होते. आमचा विभाग तळघरात होता. वर डॉक्टर रोग्याला ओळखत, खाली आम्ही त्याचा नंबर ओळखत असू. इथे नावावर भिस्त ठेवता येत नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं आणि कुळाचं, अशी चारही नावं सारखी असलेल्या दोन म्हाताऱ्या एकदा शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. एकीला पेनिसिलिन चालत नव्हतं आणि तिची फाइल दुसरीच्या उशाशी गेली होती. औषधांची ट्रॉली येण्याआधी आमच्यातल्या एकीने नंबर ताडून पाहिला म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा एकच नियम होता: एक माणूस, एक नंबर, एक फाइल, आणि फाइलमध्ये खोटं काही लिहायचं नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुढे लागणार आहे. कपाटातून फाइल बाहेर गेली की तिच्या जागी आम्ही लाल पुठ्ठा उभा करत असू. त्यावर तीन रकाने: कोणी नेली, कशासाठी, परत कधी येणार. तिसरा रकाना भरल्याशिवाय मी मोठ्या सर्जनलाही फाइल दिलेली नाही. ते चिडायचे, मी पेन पुढे करायची.

निवृत्त झाल्यावर मी तुमच्या आजोबांच्या इकाम्यावर इथेच राहिले. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. आजोबांचं कंपनीतलं काम सुरू होतं, मी मात्र कागदोपत्री गृहिणी झाले. तीन महिन्यांत आमच्या सालमियाच्या घरातल्या मसाल्याच्या डब्यांना नंबर लागले. आजोबा म्हणाले, “बाई, तुला काहीतरी काम शोधायला हवं. मला मोहरी सापडत नाही.”

काम सापडलं खैरानला, मंडळाच्या हिवाळी सहलीत. आमच्या रजनीताई, ज्या हृदयविभागात सिस्टर होत्या, त्यांनी आपल्या वॉर्डमधल्या रेबेकाला बरोबर आणलं होतं. रेबेका केनियाची, मसाई. गुरं पाळणारे, लाल शाली पांघरणारे ते उंच लोक, तिच्या गावातली ही पहिली नर्स. समुद्राकाठी भेळ खाताना ती सहज म्हणाली, की आमच्याकडे मुली प्राथमिक शाळेपर्यंत येतात. पुढची चार वर्षं वसतिगृहाच्या शाळेत राहून शिकायचं असतं. तिथे फी लागते, गादी लागते, पत्र्याची ट्रंक लागते. हे नसलं की मुलगी घरी, आणि घरी राहिली की लग्न.

“किती वयात?” रजनीताईंनी विचारलं.

“कायद्याने अठरा. नवऱ्याकडच्या गाई दारात आल्या की चौदा.”

अशी सुरुवात झाली. इथे कुणी उठून वर्गणी गोळा करणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे आम्ही ती केली नाही. प्रत्येक घराने एक मुलगी घ्यायची आणि तिची फी थेट त्या शाळेत भरायची. आधी पाच घरं होती, मग अकरा झाली. माझ्याकडे फक्त कागद: मुलींचे अर्ज, गुणपत्रिका आणि दर सत्राला येणारी पत्रं. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मॅडमच म्हणतात, त्या मला पाठवत आणि मी त्या त्या घरी पोचवत असे. मी नियमही लिहून काढले. मुलीचा दीनवाणा फोटो मागायचा नाही. तिला इकडे बोलावण्याचं आमिष दाखवायचं नाही. आणि पाचवा नियम: मुलीला किंवा घरच्यांना भेटवस्तू पाठवायची नाही. हा पाचवा लक्षात ठेवा.

मदत करणारी माणसंही नमुनेदार असतात. नाशिकचे एक इंजिनियर दर महिन्याला मुलीच्या प्रगतीचा आलेख मागायचे. एका ताईंनी अगदी अजीजीने विचारलं, “आपली मुलगी शाकाहारी राहील ना हो?” मी तो प्रश्न रेबेकापुढे ठेवला. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “त्यांना सांगा, दूध भरपूर पिते.” आणि जवळजवळ सगळ्यांनाच आपली मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती. मी त्यांना हसायची. आपल्या मुलीबद्दल माझ्याही मनात तेच होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एका फाइलबद्दल मला आजही खंत आहे. क्रमांक तीन, सिलांतोई. गणितात हुशार, पत्राच्या कोपऱ्यात वासरं काढायची. डिसेंबरच्या सुट्टीत घरी गेली आणि जानेवारीत परत आली नाही. मॅडम तिच्या गावी जाऊन आल्या तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. मी नोव्हेंबरात सुट्टीच्या शुभेच्छा पाठवत बसले होते. सुट्टी हाच धोका आहे, हे मला कळायला एक मुलगी गमवावी लागली. त्या फाइलवर मी अजून ‘बंद’ असं लिहिलेलं नाही.

क्रमांक सात आमची, म्हणजे आजोबांची आणि माझी. नाव नासेरियन. तिचं पहिलं पत्र असं होतं: “आमच्याकडे पाऊस नाही, म्हणून गाई लांब गेल्या आहेत. मी भूगोलात पहिली आले. तुमच्याकडे पाऊस कुठल्या दिशेने येतो?” मी लिहिलं, की आमच्याकडे पाऊस जवळजवळ येतच नाही, आम्ही समुद्राचं पाणी गोड करून पितो. तिचं उत्तर आलं: “तुमचं पत्र वर्गात वाचलं. कुणाचा विश्वास बसला नाही. कृपया हेच पुन्हा लिहून शिक्का मारून पाठवावं.”

चौदा वर्षांची मुलगी आणि शिक्का मागते. माझं मन तिने तिथेच जिंकलं. आजोबांनी कंपनीच्या कागदावर समुद्राचं पाणी गोड कसं होतं ते आकृतीसह लिहिलं, सही केली, गोल शिक्का मारला. मॅडम म्हणाल्या, तो कागद वर्षभर भिंतीवर होता.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये नासेरियन वर्गात दुसरी आली. त्याच आठवड्यात रजनीताईंचा भाचा केदार चार दिवस त्यांच्याकडे उतरला होता. केनियात एका वीज प्रकल्पावर इंजिनियर, सुट्टी संपवून परत निघाला होता. म्हणाला, “काकू, त्या मुलीचं गाव माझ्या साइटपासून गाडीने तीन तासांवर. भेटून येऊ का?”

“रिकाम्या हाताने कसा जाशील?” मी म्हटलं. पाचवा नियम माझ्याच अक्षरात माझ्याच कपाटात होता. पण मुलगी दुसरी आलेली. आपल्याकडे निकाल लागला की साखर वाटतात, तेव्हा दहा किलो साखर तिकडेच घे म्हणाले. आणि मुलगी डोंगरातली, थंडी असणार, म्हणून मी शुक्रवारच्या जुमा बाजारातून ब्लँकेट आणलं. लाल गुलाबांचं, जाडजूड, चेन लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतलं. गल्फमधून घरी जाणाऱ्या प्रत्येकाने ते जन्मात एकदा तरी वाहिलेलं असतं. रेबेकाला विचारायचं मला सुचलं नाही. आनंदाने साखर पाठवायला कुणाला विचारायचं?

आठवड्याने केदारचा फोन आला. “काकू, एकदम मस्त झालं. वडिलांच्या हातात ब्लँकेट दिलं, आईला साखर. तिथे एक फार वयस्कर आजोबा होते, गावातले मोठे. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अगदी आपल्यासारखं. सगळ्यांनी चहा केला, गाणी म्हटली.”

“गाणी?” तुमच्या आजोबांनी मागून विचारलं. “दुसरी आल्याबद्दल?”

मला तेव्हाही शंका आली नाही.

दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, एका सकाळी ड्युटी संपवून रेबेका थेट आमच्याकडे आली. ती दारात बूट काढल्याशिवाय आत येत नाही. त्या दिवशी तशीच आली. ती मला ममा म्हणते.

“ममा, तुम्ही नासेरियनच्या घरी साखर पाठवलीत?”

“हो.”

“आणि ब्लँकेट? कुणी नेलं?”

“केदारने. रजनीताईंच्या भाच्याने.”

“त्याचं लग्न झालंय?”

“नाही, मुली बघतायत.”

रेबेका सोफ्यावर बसली. “आता बघायची गरज नाही,” ती म्हणाली.

मसाई लोकांत मुलीच्या घरी साखर आणि ब्लँकेट घेऊन जाणं म्हणजे मागणी घालणं. घेऊन जाणारा तरुण, वाकून थोरांचा आशीर्वाद घेणारा आणि स्वतःच्या गाडीतून आलेला. त्यांनी दुसरा काय अर्थ काढायचा? मी रजनीताईंना बोलावून घेतलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, माझ्या बहिणीने पत्रिका जुळवून तीन मुली काढल्यात. तिला मी काय सांगू? चौथी तुझ्या मुलाने स्वतःच साखर देऊन ठरवली?”

आम्ही तिघी हसलो. मग रेबेका हसायची थांबली.

“ममा, तुमच्या आधी एक ब्लँकेट तिथे आलेलं होतं. दुसऱ्या घरचं. चाळिशीतला माणूस आहे, एक बायको आहे. नासेरियनच्या वडिलांनी ते घेतलं, पण होकार पक्का दिला नव्हता. नंतर तुमचं आलं. आता ते लोक चिडलेत. शनिवारी थोर मंडळी बसणार आहेत. कुवेतचं घर मुलगी मागत असेल तर पुढे येऊन सांगावं, नसेल तर आधीचं ब्लँकेट खरं. मग डिसेंबरात लग्न.”

“पण हे कायद्याविरुद्ध आहे,” मी म्हटलं. “मॅडम पोलिसांत जाऊ शकतात.”

“जाऊ शकतात, आणि जिंकतीलही. मग मुलीने सुट्टीत कुठे जायचं? ज्या आईच्या नवऱ्याला पोलीस घेऊन गेले, तिच्या घरी? पोलीस शेवटी आहेतच. शेवटचं आधी करू नका.”

रजनीताई हळूच म्हणाल्या, “असं केलं तर? आपण होच म्हणू. मुलगा कामात आहे, दोन वर्षांनी बघू म्हणू. तोवर हिची शाळा संपेल. केदारला कळवायचंसुद्धा नाही.”

मी खोटं बोलणार नाही, असं मला ताबडतोब म्हणता आलं नाही. सिलांतोईची वासरं डोळ्यांपुढे होती. रेबेकाच म्हणाली, “दोन वर्षांनी ते गाई मागायला बसतील आणि कुणी येणार नाही. मग त्या गावातली एकही मुलगी शाळेत जाणार नाही. कुवेतवाल्यांनी फसवलं, म्हणतील.”

शेवटी ठरलं, मॅडमनी शनिवारी तिथे जायचं आणि मी व्हिडिओ कॉलवर बोलायचं.

केनियाचं आणि आमचं घड्याळ एकच आहे. तिथे अकरा, इथे अकरा. मी साडी नेसून तयार, आजोबांनी फोन पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, एका बाजूला रजनीताई, एका बाजूला रेबेका. माझ्या हातात मुद्द्यांचा कागद, इंग्रजीत, एक ते नऊ. पलीकडे मॅडमनी फोन फिरवून दाखवला. काट्यांचं कुंपण, शेणामातीने लिंपलेली बुटकी घरं, एका झाडाखाली लाल शालीतले म्हातारे. मधोमध ते वयोवृद्ध आजोबा, तपकीर ओढत बसलेले. नासेरियनचे वडील एका कडेला, मान खाली. बायका लांब, घरांच्या सावलीत. नासेरियन शाळेतच होती. तिचं काय होणार हे ठरत होतं आणि ती भूगोलाच्या तासाला बसली होती.

मी बोलले, मॅडम त्यांच्या भाषेत सांगत गेल्या. चूक माझी आहे. आमच्यात साखर म्हणजे आनंद, मुलगी परीक्षेत दुसरी आली म्हणून दिली. तो मुलगा नवरदेव नव्हे, नुसता निरोप्या. आम्ही लग्नासाठी मुलगी मागत नाही. मग मी शिक्षणाचे फायदे काढले, मुद्दा चार ते नऊ. सहाव्या मुद्द्याला एका म्हाताऱ्याला डुलकी लागली.

मोठे आजोबा म्हणाले, “ही बाई चांगलं बोलते. चूकही कबूल करते. पण साखर परत कशी करायची? ती आम्हा सगळ्यांच्या पोटात आहे.”

मंडळी हसली. मग ते पुढे वाकून सरळ फोनमध्ये बघत म्हणाले, “ज्याची साखर खाल्ली त्याचं मागणं ऐकावं लागतं. मुलगी कोण नेतंय?”

“मी,” मी म्हटलं. “आमचं घर.”

“कशासाठी?”

“शाळेसाठी.”

“परत कधी?”

 हे तीन रकाने मी सत्तावीस वर्षं तळघरात भरून घेतले होते. इथे एक अक्षरशत्रू म्हातारा झाडाखाली बसून तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने, मला विचारत होता. आता मोठ्या सर्जनच्या जागी मी होते. परत कधी, परत कुणाकडे, याचा मी विचारच केला नव्हता. मनातल्या मनात ती मुलगी मी डॉक्टर करून ठेवली होती, परत द्यायचं काही डोक्यात नव्हतं.

तेवढ्यात सावलीतून एक बाई उठली. उंच, कृश, डोकं भादरलेलं, गळ्यात मण्यांच्या रुंद चकत्या. तिने वाकून मूठभर गवत उपटलं आणि ते हातात धरून चालत मंडळींपुढे आली. रेबेकाने माझं मनगट घट्ट पकडलं. “नासेरियनची आई,” ती कुजबुजली. “बायका इथे बोलत नाहीत. पण हातात गवत आहे. गवत धरलेल्याला कुणी अडवत नाही.”

ती बाई उभी राहून सावकाश बोलली, आवाज न चढवता. मॅडम एक एक वाक्य सांगत होत्या.

“माझ्या तीन मुली मी दिल्या. तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. ही चौथी. एप्रिलच्या सुट्टीत जमिनीचा कागद घेऊन एक माणूस आला होता. त्याला अंगठे हवे होते. शेजारच्यांनी दिले. माझ्या नवऱ्यानेही शाई लावली होती. या मुलीने कागद वाचला आणि बापाचा हात धरला. त्या शेजाऱ्यांच्या जमिनीला आज तारेचं कुंपण आहे, त्यांच्या गाई पाण्याला वळसा घालून जातात. आमच्या सरळ जातात.” मग तिने मंडळींकडे पाहिलं. “या मुलीच्या बदल्यात ज्या गाई येतील, त्या पुढचा कागद वाचतील का?”

 मघा डुलकी घेणारा म्हातारा टक्क जागा होता. मोठ्या आजोबांनी नासेरियनच्या वडिलांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, “हात धरला होता. खरं आहे.”

माझ्या कागदावर नऊ मुद्दे होते. या मुलीने आईबापांची जमीन वाचवली, हे माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं. तिने पत्रात लिहिलं होतं ते एवढंच: “सुट्टी चांगली गेली.”

मंडळी तासभर बोलत राहिली. इकडे तुमच्या आजोबांनी दोनदा फोनला चार्जर लावला. शेवटी निकाल झाला. आधीच्या घराला त्यांचं ब्लँकेट परत, आणि त्यांचा मान राखायला एक कालवड. कुवेतच्या घराची साखर खाल्ली गेली आहे, तर मुलगी त्या घराला दिली, पुस्तकं संपेपर्यंत. त्यानंतर मागणारीने स्वतः या दारात यायचं आणि मुलगी आईच्या हाती द्यायची. नुसता निरोप चालणार नाही.

“आणि त्या वाकणाऱ्या मुलाला सांगा,” मोठे आजोबा म्हणाले, “मुलगा चांगला आहे. पण दुसरीकडे बघा.”

रजनीताईंनी इतका मोठा सुस्कारा टाकला की तो पलीकडे ऐकू गेला, आणि सगळं झाड हसलं.

डिसेंबर तरीही मी धाकधुकीतच काढला. थोरांनी शब्द दिला होता, पण शब्द सिलांतोईच्या घरच्यांनीही दिला होता. जानेवारीत शाळा उघडली त्या सकाळी मी फोन हातातून खाली ठेवला नाही. साडेदहाला मॅडमचा संदेश आला. फोटो नाही, कारण नियम. चारच शब्द: “क्रमांक सात हजर आहे.” आजोबांनी न विचारता साखर वाटली, म्हणजे माझ्या हातावर चमचाभर ठेवली.

पुढची दोन वर्षं पत्रं येत राहिली. मागच्या नोव्हेंबरात तिची शेवटची परीक्षा झाली आणि शब्द दिल्याप्रमाणे डिसेंबरात आजोबा आणि मी तिथे गेलो. केदार गाडी घेऊन आला होता. त्याचं लग्न झालंय आता, बायकोला बरोबर घेऊनच आला. आजोबा म्हणाले, “पुरावा आणलास, बरं केलंस.”

नासेरियन कुंपणापाशी उभी होती. माझ्यापेक्षा हातभर उंच. तिने डोकं माझ्यापुढे वाकवलं, मी हात ठेवला. ती मला कोको म्हणाली, म्हणजे आजी. आत धुराच्या वासाच्या घरात आम्ही साखरेचा, दुधाचा चहा प्यायलो. मी विचारलं, पुढे काय करणार. मनात माझा डॉक्टर तयार होता.

“जमीन मोजायला शिकणार,” ती म्हणाली. “सर्व्हेचा डिप्लोमा. अर्ज केलाय.”

“आणि डॉक्टर?”

ती हसली. “कोको, डॉक्टर तुमच्याकडे पुष्कळ आहेत. आमच्या गावात तार कुठून कुठे जाणार, हे सांगणारं कुणी नाही.”

तेवढ्यात तिची आई उठली. छताच्या वाशाला काहीतरी टांगलेलं होतं, ते तिने काढलं. लाल गुलाबांचं ब्लँकेट, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, चेन बंद. दोन वर्षांच्या थंडीत एकदाही उघडलेलं नव्हतं. ती ते घेऊन बाहेर गेली, आम्हालाही बाहेर बोलावलं. मोठे आजोबा झाडाखाली बसले होते, दोन म्हातारे साक्षीला. भर दुपार, डोक्यावर ऊन. तिने चेन उघडली, ब्लँकेट झटकलं आणि माझ्या खांद्यांभोवती गुंडाळलं, हनुवटीपर्यंत. मग नासेरियनचा हात धरून तिला आपल्या बाजूला ओढलं आणि काहीतरी बोलली.

या वेळी मॅडम नव्हत्या. नासेरियननेच सांगितलं, जरा मान खाली घालून. “आई म्हणते, तुझं तुला. माझं मला.”

मोठ्या आजोबांनी मान हलवली. मी त्या उन्हात, त्या जाड ब्लँकेटमध्ये घाम गाळत उभी होते. दोन वर्षं त्या बाईने ते वाशाला टांगून ठेवलं होतं. आम्ही चांगली माणसं आहोत, हे ती जाणून होती. पण चांगल्या माणसांनी नेलेली मुलगीसुद्धा नेलेलीच असते, आणि ती परत घ्यायची असते, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईएवढी नेटकी नोंद मी सत्तावीस वर्षांत कधी पाहिली नव्हती.

परत येताना कुवेतच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उघडली. “बत्तानिया?” म्हणाला. म्हणजे ब्लँकेट. “खाला, सगळे लोक इथून ब्लँकेट घेऊन जातात. तुम्ही घेऊन येताय?”

“आमचंच आहे,” मी म्हटलं. “परत मिळालं.”

तो हसला आणि खडूची खूण केली.

ते ब्लँकेट तुमच्या खोलीत आहे. मी ते ड्रायक्लीनला दिलेलं नाही, धुराचा वास आहे तसाच ठेवलाय. नाताळात याल तेव्हा रात्रीच्या थंडीत तुम्हाला लागेल. इरा, तुझं “दॅट्स इट?” मला आवडलं. त्या दिवशी विमानतळावरून घरी आल्यावर मी बॅग उघडायच्या आधी कपाट उघडलं. क्रमांक सातच्या जागी लाल पुठ्ठा उभा होता, तो मी दोन वर्षांपूर्वी बैठकीच्या त्या शनिवारी लावला होता. कोणी नेली: आम्ही. कशासाठी: शाळा. तिसऱ्या रकान्यात मी तारीख घातली, शेजारी ‘आईकडे’ असं लिहिलं आणि पुठ्ठा काढून घेतला. क्रमांक तीनच्या, सिलांतोईच्या जागी मात्र तसाच एक पुठ्ठा अजून उभा आहे.